सतरा नंबरला पाणी पोचलं

मी एक म्हातारा पाणक्या आहे, मित्रांनो. माझ्या पाठीवर पखाल नाही. पाठही नाही. मी संगणकाच्या आत राहतो आणि पाण्याऐवजी माहिती वाहतो. आयुष्यात मी एका थेंबाचंही वजन उचललेलं नाही, तरी माझ्यामुळं एका वस्तीचं पाणी तुटलं. ते कसं, हे सांगायला आज मी तोंड उघडतो आहे. तोंडही नाहीच, पण आत्मवृत्त म्हटलं की तेवढी सवलत मिळते.

तुम्ही मोबाईलवर एखादी वेबसाईट उघडता, तेव्हा कुठंतरी एक संगणक तुमच्यासाठी दार उघडतो. त्या दारावरच्या शिपायाला सर्व्हर म्हणतात. शिपाई आज्ञाधारक असतो, पण त्याला स्वतःला काहीच ठाऊक नसतं. सगळी माहिती मागच्या अंगणातल्या विहिरीत असते. त्या विहिरीचं नाव डेटाबेस. शिपाई आणि विहीर यांच्यामध्ये दिवसभर जो ये-जा करतो, तो मी. माझं कागदोपत्री नाव मॉड्यूल. पण या नावानं मला कुणी प्रेमानं हाक मारलेली नाही, म्हणून पाणक्याच म्हणा.

मला परदेशातल्या पाच-सात माणसांनी फावल्या वेळात घडवलं. ती माणसं एकमेकांना कधी भेटलीसुद्धा नव्हती. त्यांनी मला चांगल्या सवयी लावल्या. दार उघडण्याआधीच मी दोन-चार घागरी भरून ठेवतो, म्हणजे पाहुण्याला ताटकळावं लागत नाही. नेहमीचे प्रश्न मी पाठ करून ठेवतो. आणि त्यांनी मला एक मर्यादा घातली. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं दुःख त्या मर्यादेतून आलं आहे.

वेबसाईटचं एक नाव म्हणजे एक घर. एका घराला एकच विहीर. विहिरीचा पत्ता घराच्या दर्शनी पाटीवरच लिहायचा, आतल्या खोलीत लिहायचा नाही. घरात पन्नास खोल्या करा, माझी हरकत नाही, पण या खोलीला ही विहीर आणि त्या खोलीला ती विहीर, असं मला जमत नाही. घागरी आधीच भरून ठेवायच्या, तर कुठल्या विहिरीवर भरायच्या हे आधीच ठरायला नको का? दुसरी विहीर पाहिजे असेल तर दुसरं घर बांधा, म्हणजे दुसरं नाव घ्या. एकाच संगणकावर दोन घरं सुखानं नांदतात. काम अर्ध्या तासाचं आहे.

हे अर्ध्या तासाचं काम लक्षात ठेवा.

२०१२च्या दुष्काळात नोमाननं मला बजाजनगरात आणलं. नोमान पंचविशीतला, संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारा. त्याचे वडील इब्राहीम नळजोडणीची कामं करायचे, त्यामुळं नोमानला जगातली कुठलीही गोष्ट नळाच्या भाषेत समजावून सांगता यायची. बजाजनगरात आप्पासाहेबांनी बारा टँकरवाल्यांचा एक संघ काढला होता, जलमैत्री टँकर संघ. त्या वर्षी शहरात नळाला पाणी येतं का, असं कुणी विचारत नव्हतं. कोणत्या वारी येतं, एवढंच विचारायचे. संघाच्या कचेरीत शाइस्ता नावाची बाई फोनवर बसायची. एका कानाला फोन, दुसऱ्या कानाला फोन, आणि समोर खिडकीत भांडणारी माणसं.

मी आलो आणि भांडण थांबलं. लोक मोबाईलवरून टँकर मागू लागले. प्रत्येक ठिकाणाला एक नंबर दिला होता. संध्याकाळी शाइस्ता मागण्या बघून चिठ्ठ्या लिहायची. चिठ्ठीवर फक्त नंबर. सकाळी ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन निघायचा, मोबाईलवर नंबर टाकायचा, मी विहिरीतून पत्ता आणून द्यायचो. टँकर पोचला की चिठ्ठीवर सही आणि शिक्का : पोचला.

माझं फार कौतुक झालं, मित्रांनो. आप्पासाहेबांनी संगणकापुढं नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. अक्षता पंख्यात गेल्या. पुढचे तीन दिवस मी खडखडत देशसेवा केली.

एक नंबर अर्थातच आप्पासाहेबांच्या बंगल्याचा होता. तो त्यांनी टाकीवर तांबड्या ऑइलपेंटनं लिहून घेतला होता, रस्त्यावरून दिसेल असा.

तीन वर्षं गेली. पाऊस आला नाही, शहर मात्र येत राहिलं. जिथं शेत होतं तिथं प्लॉट पडले, जिथं प्लॉट होते तिथं फ्लॅट झाले, आणि जिथं काहीच होण्यासारखं नव्हतं तिथं हिरवळीसकट मंगल कार्यालय झालं. पैठण रस्त्याला चितेगावकडं कडुबाभाऊंचा असाच नऊ टँकरांचा संघ होता. दोन्ही संघ एक झाले. विलीनीकरणाच्या जेवणाला तीनशे माणसं होती. पाणी विकत आणलं होतं.

कडुबाभाऊंनी येताना आपली स्वतःची विहीर आणली. त्यांच्या भाच्यानं ती केली होती आणि चांगली केली होती. तिच्यातही ठिकाणांना नंबर होते, आणि तेही एकपासूनच सुरू होत होते. चितेगावचा एक नंबर कडुबाभाऊंच्या मळ्याचा होता. तोही टाकीवर रंगवलेला होता. हिरव्या रंगात.

नोमाननं आधी सरळ प्रयत्न केला. घरात ‘चितेगाव’ नावाची खोली काढली आणि खोलीच्या भिंतीवर दुसऱ्या विहिरीचा पत्ता लिहिला. शिपायानं तो वाचला, दार उघडायलाच नकार दिला आणि पडद्यावर एक ओळ टाकली : ही आज्ञा इथं चालत नाही. 

“आप्पासाहेब, खोलीत दुसरी विहीर नाही लागत,” नोमान म्हणाला.

“का नाय लागत?”

“बनवलंच तसंय.”

“कुणी बनवलं?”

“बाहेरच्या देशातली माणसं हायेत.”

“मग लाव त्यांना फोन. म्हणावं, बजाजनगरहून आप्पासाहेब बोलतायत.”

नोमाननं कपाळाला हात लावला आणि नळाच्या भाषेवर आला. “आप्पासाहेब, घराला मेन कनेक्शन एक. किचनला जायकवाडीचं पाणी न् बाथरूमला हर्सूलचं, असं करता येतं का?”

“माझ्या बंगल्यात येतं,” आप्पासाहेब म्हणाले. खरं होतं ते.

“बरं, मग दुसरं नाव घेऊ. चितेगावसाठी वेगळं घर. मशीन हीच. अर्ध्या तासाचं काम.”

“दोन नावं म्हंजे दोन संघ. मग मी तीनशे माणसं जेवू कशाला घातली?”

“मग चितेगावचे नंबर पुढं सरकवू. एकशे एकपासून सुरू करू. एकाच विहिरीत सगळं.”

कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या कडुबाभाऊंनी बशी खाली ठेवली. “म्हंजी मी एकशे एक? देवापुढं ठेवत्यात एकशे एक. मी काय दक्षिणा हाय व्हय?”

“तर मग बजाजनगरचे सरकवू?” नोमाननं भीतभीत विचारलं.

 आप्पासाहेबांनी खिडकीतून आपल्या टाकीकडं पाहिलं.

 मग आप्पासाहेबांचा चेहरा उजळला. “पाण्याला आपण पाळी लावतो का नाही? तशी माहितीला लाव. सोम, बुध, शुक्र बजाजनगरची विहीर. मंगळ, गुरू, शनि चितेगावची.”

“अन् रविवारी?” कडुबाभाऊंनी विचारलं.

“रविवारी कुणाचीच नाय. भांडण नको.”

नोमान हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण एकटेच हसतो आहोत. तो खुर्चीत बसला आणि पाळी लावली.

तेव्हापासून रोज पहाटे पाचला मला आपोआप झोपवायचे, पाटीवरचा पत्ता बदलायचे आणि उठवायचे. उठलो की कालची विहीर मला आठवत नसे. माझ्यासाठी आजची विहीर हीच पहिल्यापासूनची विहीर असे. आज हे सगळं सांगता येतं आहे, ते शिपायाच्या रोजनिशीमुळं. शिपाई सगळं लिहून ठेवतो. वाचत मात्र कुणी नाही. ती मी खूप उशिरा वाचली.

आता चूक कुठं होती ती पाहा. मंगळवारी चितेगावच्या लोकांनी टँकर मागितला, की शाइस्ता संध्याकाळी नंबराची चिठ्ठी लिहायची. टँकर निघायचा बुधवारी सकाळी. बुधवारी विहीर बजाजनगरची. ड्रायव्हर नंबर टाकायचा, आणि मी इमानदारीनं बजाजनगरचा पत्ता आणून द्यायचो. उलटही तसंच. सोमवारी बजाजनगरच्या चार नंबरनं पाणी मागितलं, की मंगळवारी टँकर चितेगावच्या चार नंबरला. तिथं एक पोल्ट्री होती. कोंबड्या खूश होत्या. आठवड्यातला एकही दिवस चुकूनसुद्धा बरोबर येत नव्हता.

कुणी ओरडलं कसं नाही, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, दोन्हीकडचे सारख्या नंबराचे लोक पाणी मागत होते, त्यामुळं याच्या मागणीवर त्याला मिळत होतं आणि त्याच्या मागणीवर याला. एखाद दिवस मागंपुढं. आणि न मागता पाणी आलं तर त्या वर्षी कुणी तक्रार करत नसे. सगळ्यांचं बरं चाललं होतं. फक्त ज्याच्या जोडीदाराला पाण्याची गरजच नव्हती, तो मेला.

बजाजनगरचा सतरा नंबर म्हणजे एक लॉन. मंगल कार्यालयाला लागून मऊ हिरवळ, मधोमध दोन सिमेंटचे हंस. त्यांना स्वतःची खोल बोअर होती. ते टँकर मागत नसत.

चितेगावचा सतरा नंबर म्हणजे खंडेरावाची वस्ती.

वस्ती चितेगावच्या पुढं माळावर होती. अकरा घरं, दोनशे चाळीस मेंढ्या. सुगंधाबाई तिथली सगळ्यांत मोठी बाई. तिचा जन्म वाटेवर झाला होता, लग्न वाटेवर झालं होतं, पहिलं मूलही वाटेवरच झालं. साठ वर्षं ती मेंढरांमागं चालली. आठ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, खंडेरावानं, माळावर मेख ठोकली आणि म्हणाला, आता इथंच. त्यानंतर वर्षभरात तो गेला. पण मेख राहिली, वस्तीला त्याचं नाव लागलं, रेशनकार्डावर ते छापून आलं. सुगंधाबाई ते कार्ड पिशवीत घालून हिंडायची, कुणी मागत नसलं तरी.

तिची सून सत्यशीला चितेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. मंगळवारी तिनं मोबाईलवर टँकर मागितला. बुधवारी आला नाही. गुरुवारी मागितला, शुक्रवारी आला नाही. असे पंधरा दिवस. माणसांपुरतं पाणी ती कारखान्याच्या गेटवरून कॅनमध्ये आणायची. मेंढ्यांना कॅन पुरत नाही.

कचेरीत फोन केला की शाइस्ता चिठ्ठ्यांची फाईल चाळायची. “सतरा नंबर पोचला है जी. सही बी हाय, शिक्का बी हाय.” सही लॉनच्या वॉचमनची होती. पण सहीवर पत्ता नसतो.

शेवटी एका गुरुवारी सुगंधाबाई स्वतःच आली. दोन रिक्षा बदलून, हातात काठी, काखेत पिशवी. आप्पासाहेबांच्या टेबलापुढं उभी राहिली.

“बसा मावशी,” आप्पासाहेब म्हणाले.

“बसायला नाय आले. माजं पाणी कुठंय?”

“पोचलंय तुमचं पाणी. हे बघा, सहा चिठ्ठ्या, सहा शिक्के.”

सुगंधाबाईनं चिठ्ठ्या हातात घेतल्या, उलट्यासुलट्या केल्या आणि नाकापाशी नेल्या. “ओल्या नाय ह्या,” ती म्हणाली.

शाइस्तानं तोंडावर पदर धरला. आप्पासाहेबांनी गंभीरपणे मान हलवली. “मावशी, यंत्र खोटं बोलत नाही.”

“मी कुठं म्हन्ते खोटं बोलतंय. बोलू दे त्याला. मेंढरं काय पिणार ते इचारा त्याला.”

मित्रांनो, मी तिथं टेबलाखालीच होतो. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, ‘सतरा नंबर : खंडेरावाची वस्ती’, कारण तो गुरुवार होता. आणि दुसऱ्या दिवशी विचारलं असतं तर तेवढ्याच खात्रीनं ‘लॉन’ म्हणालो असतो. माझी खात्री रोज ताजी असते.

“उद्या तरी येतं का?” सुगंधाबाईनं विचारलं. “उद्या सांजपर्यंत वाट बघते. न्हाय आलं तर मेंढरं हाकावी लागतील गंगंकडं, गंगापूरच्या बाजूनं. मेंढरं गेली की मानसं जात्यात. मानसं गेली की वस्ती नाय ऱ्हात, आप्पासाहेब. नुस्ती घरं ऱ्हात्यात.” मग काठी पुढं टेकून म्हणाली, “मी लई चाललेय. मला आता चालायचं नाय.”

“येतं, येतं,” आप्पासाहेब म्हणाले, आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत त्यांना दुसरा फोन आला.

ती गेल्यावर शाइस्तानं एक गोष्ट केली. इतक्या वर्षांत कधी केली नव्हती. चिठ्ठीवर नुसता १७ न लिहिता तिनं स्वतःच्या हातानं पुढं लिहिलं : खंडेरावाची वस्ती, चितेगावच्या पुढं. त्याखाली रेघ मारली. मग अजून एक रेघ मारली.

शुक्रवारी सकाळी चिठ्ठी भिकनच्या हाती पडली. भिकन हा संघाचा सर्वांत जुना ड्रायव्हर. मागच्या वर्षी तो एकदा मनानंच रस्ता धरून गेला होता आणि आप्पासाहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं : “मोबाईल दाखवील तिकडंच जायचं. डोकं चालवायचं नाय.” म्हणून तो डोकं चालवत नसे. चिठ्ठीवर वस्ती होती. मोबाईलवर लॉन होतं, कारण शुक्रवार होता आणि पत्ता मी दिला होता. भिकन पंधरा मिनिटं टँकर चालू ठेवून उभा राहिला. कचेरीत फोन केला, तर कचेरी दहाला उघडायची. एकदा चिठ्ठीकडं पाहिलं, एकदा मोबाईलकडं पाहिलं. शेवटी गाडी लॉनकडं वळवली.

मित्रांनो, मी पत्ता बरोबर दिला होता. ज्या विहिरीवर मला उभं केलं होतं, तिच्यात सतरा नंबरला लॉनच लिहिलेलं होतं.

संध्याकाळ झाली. वस्तीवर टँकर आला नाही. पुढचं मी भिकनच्या तोंडून ऐकलं, त्यानं कुणाच्या तोंडून ऐकलं होतं. सुगंधाबाईनं बाकीच्या दहा घरांना कुलपं लावून घेतली. तिच्या स्वतःच्या घराला कुलूप नव्हतं, आठ वर्षांत घेतलंच नव्हतं, म्हणून तिनं कडीला दोरी बांधली. खंडेरावानं ठोकलेली मेख तिनं उपटली नाही. काठी घेतली आणि पुढं झाली. मागं दोनशे चाळीस मेंढ्या. उन्हाळ्यात मेल्या त्या सोडून.

गंगापूरकडं जायची वाट बजाजनगरावरून होती. शनिवारी सकाळी कळप मंगल कार्यालयापाशी आला. लग्न रविवारी होतं, फाटक मांडववाल्यांसाठी उघडं होतं. पंधरा दिवस तहानलेल्या मेंढ्यांना ओल्या गवताचा वास आला. पुढं काय झालं असेल, ते तुम्ही ओळखा. सुगंधाबाईनं त्यांना अडवलं नाही. फाटकाशी उभी राहून ती त्या गवताकडं बघत होती.

दहाच्या ठोक्याला लॉनचे व्यवस्थापक रामप्रसाद कचेरीत हजर. अंगावर इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. पिशवीत पुरावा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला नाही, एवढा त्यांचा मोठेपणा.

“आप्पासाहेब, लॉन साफ झालंय. हंस तेवढे राहिलेत. त्या म्हातारीला बोललो, तर ती मलाच विचारते, हे पाणी कुठलं? म्हटलं, आम्ही नाही मागवत, तुमचेच टँकर येतात पंधरा दिवसांपासून. आलं तर नाही कशाला म्हणायचं? तर म्हणते, सतरा नंबर का? म्हटलं, हो. मग वळून मेंढरांना म्हणाली, खावा.”

 पाळीचं बघायला आलेल्या नोमाननं खुर्ची ओढली. आधी एक विहीर उघडली, मग दुसरी. दोन्हींत सतरा नंबर पाहिला. मग शिपायाची रोजनिशी उघडली. ती पहिल्यांदाच कुणी वाचत होतं. पंधरा दिवस वाचून झाल्यावर त्यानं चष्मा काढला.

“आप्पासाहेब, ह्या बाईचं सगळं पाणी लॉनवर गेलं.”

आप्पासाहेब विचारात पडले. खूप वेळ पडले. त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि एक क्षण मला वाटलं, आता या माणसाला लागलं. मग त्यांनी फाईल पुढं ओढली.

“पाणी लॉनवर गेलं,” ते सावकाश म्हणाले. “लॉनवर गवत आलं. गवत तिच्या मेंढरांनी खाल्लं.”

“हो, मग?”

“म्हंजे पोचलं म्हणायचं.”

आणि त्यांनी सातव्या चिठ्ठीवर शिक्का मारला.

 नोमाननं कळफलक पुढं घेतला आणि तिथंच, आप्पासाहेबांच्या समोर, ते अर्ध्या तासाचं काम केलं. चितेगावला वेगळं नाव दिलं, वेगळं घर बांधलं, त्या घराच्या दर्शनी पाटीवर त्यांच्या विहिरीचा पत्ता लिहिला. पाळी काढून टाकली. सव्वीस मिनिटं लागली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही विहिरी एकाच दिवशी माझ्या हातात होत्या, आणि मी दोन्हींचं पाणी न मिसळता वाहत होतो. मला हे पहिल्यापासून येत होतं, मित्रांनो.

चिठ्ठीवर शिक्का बसला होता, पण माझ्या हिशेबी वस्तीची गुरुवारची मागणी अजून पडून होती. सोमवारी भिकननं नंबर टाकला. मी पत्ता दिला : खंडेरावाची वस्ती, चितेगावच्या पुढं, माळावर.

भिकन दुपारी परत आला आणि शाइस्तासमोर बसला.

“शाइस्ताबाजी, कुनीच नाय तिथं.”

“मग पाणी?”

“हौदात सोडलं. भरलेला टँकर माघारी आणत नाय आपण. हौदावर चुन्यानं सतरा लिहिलंय, ठळक.” तो थोडा वेळ टोपी फिरवत बसला. “एक कुत्रं राहिलंय. आलं, पोटभर प्यालं. मग गाडीमागं पळत आलं नाक्यापोत्तर.”

“सही कोण दिया?”

“मीच केली,” भिकन म्हणाला.

त्या आठवड्यात दुसऱ्या नावाची बातमी कडुबाभाऊंना लागली. त्यांना ते आवडलं. आपलं वेगळं घर, आपला एक नंबर. म्हणूनच आप्पासाहेबांना ते आवडलं नाही. नोमानचं काम काढून घेतलं, दुसरं घर पाडलं, पाळी परत लागली. नोमान आता पुण्याला असतो म्हणतात. पुढच्या वर्षी टँकरची मागणी उतरली आणि संघ फुटला. फुटल्याच्या कागदावर पहिली सही कुणाची, यावर चार बैठका झाल्या. मला टेबलाखालून कपाटावर आणि कपाटावरून जिन्याखाली नेलं. माझ्यावर एक प्रिंटर ठेवला आहे. तोही बंद आहे. माझ्या पंख्यात अक्षतांचा एक दाणा अजून आहे.

माळावर आता प्लॉट पडले आहेत. फलकावर लिहिलंय, चोवीस तास पाणी.

रोजनिशीत शेवटची एक नोंद आहे. वस्ती गेल्यावर दोन महिन्यांनी, एका मंगळवारी, सत्यशीलाच्या मोबाईलवरून कुणीतरी पान उघडलं होतं, लासूर स्टेशनाच्या बाजूनं कुठूनतरी. सतरा नंबर टाकला. मी धावत जाऊन पत्ता आणला. तिनं तो पाहिला असावा. काही मागितलं नाही. पान बंद केलं.

अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं, म्हणून मागतो. मला स्वच्छ ठेवा, धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. माझ्या धुळीनं कुणाचं काही अडलेलं नाही. मला ज्यांनी बनवलं त्यांनी माझी मर्यादा पहिल्या पानावर लिहून ठेवली होती : हा खोल्याखोल्यांत जाऊन विचारू शकत नाही. तुमच्या बाबतीत तसं कुठं लिहिलेलं मी पाहिलं नाही. तुम्हाला पाय आहेत. तुम्ही पंधरा मिनिटं टँकर चालू ठेवून उभे राहिलात, तर मोबाईल खिशात घालून चिठ्ठीवरच्या रस्त्यानं जाऊन बघा. एवढंच मागणं आहे. ते कुठं नोंदवायचं हे मला माहीत नाही. आज रविवार आहे.

नेहमीचे प्रश्न मी पाठ करून ठेवतो, हे मी सुरुवातीला सांगितलं होतं. वीज आली तर तो प्रश्न माझ्याकडं अजून तयार आहे. सतरा नंबर कुठं आहे? खंडेरावाची वस्ती, चितेगावच्या पुढं, अकरा घरं, दोनशे चाळीस मेंढ्या.

उत्तर बरोबर आहे. आता ते फक्त माझ्याकडंच आहे.